‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडी : एका अदृश्य सेवेचा इतिहास (१९५७–१९८५)

१. विषयप्रवेश

युद्धनौकेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे सामान्यतः तिने लढलेल्या लढायांचा वृत्तान्त द्यावयाचा, असा संकेत आहे. ती कोणत्या संग्रामात उतरली, तिने शत्रूची किती जहाजे बुडविली, तिला कोणते घाव बसले, या प्रश्नांच्या उत्तरांतून तिचे चरित्र सिद्ध होते. अमेरिकेच्या आरमारातील ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीस ही कसोटी लावू गेल्यास हाती काहीच लागत नाही. पंचवीस वर्षांच्या सेवेत ती एकाही लढाईत उतरली नाही. तिच्या पोटातील सोळा क्षेपणास्त्रांपैकी एकही शत्रूवर सुटले नाही. तिच्यामुळे बुडालेले म्हणून इतिहासास ज्ञात असलेले जहाज एकच. आणि तेही मित्रराष्ट्राचे, निःशस्त्र व मालवाहू.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आरमारी इतिहासात या पाणबुडीचे स्थान असाधारण आहे. अणुशक्तीवर चालणारी आणि पाण्याखालून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडू शकणारी ही पहिली पाणबुडी होय. पुढे सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, चीन व भारत या राष्ट्रांनी आपापल्या पाणबुड्या बांधल्या, त्या या जातीच्या शस्त्राचीच निरनिराळी रूपे होत. तिच्या सेवाकालाचे अवलोकन केल्यास एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. या पाणबुडीचे सर्व सामर्थ्य तिच्या गुप्ततेत साठविलेले होते. आणि तिच्या हातून जो एक मोठा प्रमाद घडला, त्याचे परिणाम विकोपास गेले तेही त्याच गुप्ततेच्या छायेत. या दोहोंचा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी ही वस्तुतः काही काळ बुडी मारू शकणारी नौका होती. तिच्या डिझेल यंत्रांना हवा लागे. पाण्याखाली ती विजेच्या साठ्यावर चाले आणि तो साठा संपताच तिला पृष्ठभागावर यावे लागे. अणुभट्टीने ही मर्यादा नाहीशी केली. हायमन रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली ‘नॉटिलस’ ही पाणबुडी १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर समुद्रात निघाली. ज्या भट्टीस ज्वलनासाठी हवा लागत नाही आणि जिचे इंधन वर्षानुवर्षे पुरते, ती हाती आल्यावर पाण्याखाली किती काळ राहावयाचे हे यंत्रापेक्षा माणसांच्या सोसण्यावर व अन्नाच्या साठ्यावर अवलंबून राहू लागले.

दुसरा प्रश्न क्षेपणास्त्राचा होता. १९५५ साली अमेरिकेच्या आरमाराने भूसेनेबरोबर ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्राच्या कार्यात भाग घेतला. परंतु त्या अस्त्राचे इंधन द्रवरूप होते. अतिशीत प्राणवायू आणि ज्वालाग्राही तेल यांचे साठे जहाजावर, त्यातही बंदिस्त पाणबुडीत, बाळगणे म्हणजे संकट उशाशी घेऊन निजण्यासारखेच होते. १९५६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये भरलेल्या एका अभ्यासमंडळात एडवर्ड टेलर यांनी असे प्रतिपादन केले, की येत्या काही वर्षांत अण्वस्त्राचे वजन पुष्कळच घटविता येईल. अस्त्राचे शिर हलके झाले म्हणजे घन इंधनावर चालणारे आटोपशीर क्षेपणास्त्र शक्य होते. या अंदाजावर भिस्त ठेवून वर्षअखेर आरमाराने ‘ज्युपिटर’चा नाद सोडला आणि ‘पोलारिस’ची योजना हाती घेतली. आरमारप्रमुख आर्ली बर्क यांनी त्याआधीच या कामासाठी एक स्वतंत्र कचेरी स्थापून तिची सूत्रे विल्यम रॅबॉर्न या अधिकाऱ्याकडे दिली होती.

३. घाईतील जन्म

मूळ आराखड्याप्रमाणे हे शस्त्र साठीच्या दशकाच्या मध्यास सिद्ध व्हावयाचे होते. परंतु ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुट्निक’ अंतराळात सोडला. जो देश पृथ्वीभोवती उपग्रह फिरवू शकतो तो खंडांतर करणारे क्षेपणास्त्रही सोडू शकतो, हा निष्कर्ष वॉशिंग्टनमध्ये सर्वांनीच काढला. भूमीवरील विमानतळ व अस्त्रतळ हे ठाऊक असलेल्या जागी असतात. अचानक हल्ला झाल्यास ते पहिल्याच आघातात नष्ट होण्याची भीती निर्माण झाली. ज्याचा ठावठिकाणा शत्रूस माहीत नाही, असेच शस्त्र या भीतीवर उतारा ठरू शकत होते. ‘पोलारिस’ची मुदत त्यामुळे १९६० वर आणण्यात आली.

नवी पाणबुडी आरंभापासून आखण्यास आता वेळ नव्हता. कनेक्टिकट संस्थानातील ग्रॉटन येथे इलेक्ट्रिक बोट कंपनीच्या गोदीत ‘स्कॉर्पियन’ नावाच्या हल्लेखोर पाणबुडीची बांधणी १ नोव्हेंबर १९५७ रोजी सुरू झाली होती. तिच्याच बांधणीत फेरफार करून मध्यभागी १३० फूट लांबीचा नवा भाग बसविण्यात आला आणि त्यात आठ-आठच्या दोन रांगांत सोळा उभ्या नळ्या रचण्यात आल्या. अशा रीतीने सुमारे ३८२ फूट लांबीची आणि पाण्याखाली सुमारे ६,७०० टन विस्थापनाची जी नौका तयार झाली, तिला अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव मिळाले. तिच्या पुढील सुटका-द्वारातील एका पट्टीवर मात्र जुने नाव तसेच राहून गेले होते. ‘स्कॉर्पियन’ हे नाव व ५८९ हा तिचा क्रमांक पुढे दुसऱ्या पाणबुडीस देण्यात आला. ती पाणबुडी मे १९६८ मध्ये अटलांटिक महासागरात ९९ माणसांसह नाहीशी झाली.

‘जॉर्ज वॉशिंग्टन’चे जलावतरण ९ जून १९५९ रोजी झाले आणि ३० डिसेंबर १९५९ रोजी ती सेवेत दाखल झाली. बांधणीच्या आरंभापासून सेवेत येईपर्यंतचा हा काळ अवघा सव्वीस महिन्यांचा आहे. त्याच अवधीत क्षेपणास्त्र, ते पाण्याखालून फेकण्याची योजना आणि दिशाशोधनाची यंत्रणा ही तिन्ही समांतर सिद्ध होत होती. स्वतःचे स्थान अचूक ठाऊक असल्याखेरीज दूरच्या लक्ष्यावर नेम धरता येत नाही. आणि पाण्याखालून तारे दिसत नाहीत. म्हणून आपल्याच हालचालींच्या मापनावरून स्थान सांगणारी जायरोस्कोपची उपकरणे तीत बसविण्यात आली. इतक्या विविध कामांचा मेळ राखण्यासाठी रॅबॉर्न यांच्या कचेरीने १९५८ साली ‘पर्ट’ ही कार्यनियोजनाची पद्धती तयार केली. पुढे ती धरणे, कारखाने व इमारती यांच्या बांधणीतही रूढ झाली.

४. प्रत्यय

२० जुलै १९६० रोजी फ्लॉरिडातील केप कॅनॅव्हरलच्या समुद्रात या पाणबुडीने पाण्याखालून पहिले ‘पोलारिस’ सोडले. दाबलेल्या हवेच्या धक्क्याने अस्त्र नळीतून निघाले, पाणी भेदून वर आले आणि पृष्ठभागावर येताच त्याचे इंधन पेटले. ते सुमारे १,१०० मैल दूर जाऊन पडले. दोन तासांच्या आत दुसरेही सोडण्यात आले. स्वतः रॅबॉर्न त्या वेळी पाणबुडीवर होते. अस्त्र समुद्राच्या खोलीतून निघून लक्ष्यापर्यंत बिनचूक पोहोचल्याची तार त्यांनी तेथूनच अध्यक्ष आयझेनहॉवर यांना धाडली. ३० जुलै रोजी दुसऱ्या नाविकदलानेही दोन अस्त्रे सोडून आपली सिद्धता दाखविली.

या प्रयोगास मुद्दामच प्रसिद्धी देण्यात आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या शस्त्राचा उपयोग धाक घालण्यापुरताच आहे, त्याचे अस्तित्व व सामर्थ्य शत्रूस पूर्णपणे ठाऊक असावे लागते. ठाऊक असू नये ते केवळ त्याचे स्थान. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ची छायाचित्रे, तिची लांबी-रुंदी, तिच्या कप्तानांची नावे ही सारी वृत्तपत्रांतून जगभर गेली. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे सोळा अस्त्रे चढवून १५ नोव्हेंबर १९६० रोजी ती गस्तीवर निघाली आणि त्या क्षणापासून तिच्याविषयीची सर्व वार्ता बंद झाली.

ही पहिली गस्त कमांडर जेम्स ऑस्बॉर्न यांच्या हाताखालील दलाने पार पाडली. ६६ दिवस पाण्याखाली काढून २१ जानेवारी १९६१ रोजी पाणबुडी न्यू लंडन येथे परतली. तिने किनारा सोडला तेव्हा आयझेनहॉवर अध्यक्षपदावर होते. ती परतली तेव्हा जॉन केनेडी यांच्या अध्यक्षपदास एक दिवस झाला होता. सत्तांतराच्या त्या दोन महिन्यांत ही पाणबुडी कोठे होती हे शत्रूस कळले नाही, आणि काही घडलेही नाही. या शस्त्राच्या कर्त्यांनी यशाची जी व्याख्या केली होती, ती नेमकी हीच होती.

५. गस्तीची रीत

या पाणबुडीस ‘निळे’ व ‘सोनेरी’ अशी दोन पूर्ण नाविकदले नेमलेली होती. प्रत्येक दलात शंभराहून अधिक माणसे व स्वतंत्र कप्तान असे. एक दल गस्तीवर असताना दुसरे किनाऱ्यावर विश्रांती घेई आणि पुढील फेरीचे शिक्षण पुरे करी. यंत्र थकत नाही, माणूस थकतो, या साध्या अनुभवावर ही व्यवस्था आधारलेली होती. भट्टीचे इंधन वर्षानुवर्षे टिकणारे. हवा व गोडे पाणी पाणबुडीतच तयार होणारे. मग बंधन उरले ते माणसांचेच. दलांची अदलाबदल करून आरमाराने एका पाणबुडीकडून जवळजवळ दोन पाणबुड्यांचे काम घेतले.

गस्तीवरील नौकेचे कर्तव्य एका वाक्यात सांगता येईल : ऐकावे, पण बोलू नये. समुद्राच्या पाण्यात काही अंतरापर्यंत शिरू शकणाऱ्या अतिदीर्घ लहरींवरून किनाऱ्याचे संदेश येत. ते सतत घेत राहणे आणि आज्ञा होताच अस्त्रे सोडण्यास सिद्ध असणे एवढेच तिचे काम. उत्तर मात्र द्यावयाचे नाही, कारण उत्तराची लहर शत्रूने पकडली तर स्थान उघड होते. नाविकांच्या घरच्या माणसांना ठराविक शब्दांचे निरोप पाठविता येत. नाविकांना उलट निरोप धाडण्याची सोय नव्हती. घरी मूल जन्मले तरी त्याची वार्ता मिळावी आणि त्यावर आठवडेच्या आठवडे एक अक्षरही कळविता येऊ नये, हा या सेवेतील नित्याचा प्रकार होता. वाटेत जहाज दिसले तर त्यापासून दूर व्हावे, कोणाच्याही दृष्टीस अथवा कानी पडू नये, ही वृत्ती नियमापुरती न राहता अंगवळणी पडत गेली. पुढील घटना समजून घेण्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

त्याच सुमारास सोव्हिएत संघाने ‘के-१९’ ही आपली पहिली अणुशक्तिचलित क्षेपणास्त्रधारी पाणबुडी सेवेत आणली होती. तीवर तीनच अस्त्रे होती आणि ती सोडण्यासाठी तिला पृष्ठभागावर यावे लागे. ४ जुलै १९६१ रोजी तिच्या अणुभट्टीची शीतनयंत्रणा बिघडली. ती दुरुस्त करण्यासाठी आत शिरलेल्यांपैकी आठ जण किरणोत्सर्गाने काही आठवड्यांच्या आत दगावले. घाई दोन्ही बाजूंस होती; तिची किंमत मात्र सारखी पडली नाही.

६. अटलांटिक ते पॅसिफिक

‘पोलारिस’च्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे १,२०० सागरी मैलांचाच होता. त्यामुळे सोव्हिएत भूमी टप्प्यात ठेवावयाची तर पाणबुडीस युरोपच्या जवळपास राहणे भाग होते आणि प्रत्येक गस्तीनंतर अमेरिकेस परतणे वेळखाऊ ठरे. म्हणून स्कॉटलंडमधील होली लॉक या खाडीत तळ उभारण्यात आला. मार्च १९६१ मध्ये ‘प्रोटियस’ ही सेवानौका तेथे नांगरली तेव्हा अण्वस्त्रविरोधी निदर्शकांनी तिला होड्यांतून वेढा घालण्याचा यत्न केला. आपली दुसरी गस्त संपवून ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ २५ एप्रिल १९६१ रोजी याच खाडीत आली. हिचे वैरी ती कोठे आहे याचा शोध घेत होते. तिचे विरोधक मात्र तिच्या तळाशीच उभे होते.

१९६४ साली भट्टीचे इंधन बदलण्यासाठी ती पुन्हा ग्रॉटनच्या गोदीत दाखल झाली. याच दुरुस्तीत तिच्या नळ्या ‘पोलारिस’च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी सिद्ध करण्यात आल्या. त्या अस्त्राचा पल्ला सुमारे २,५०० सागरी मैल, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट होता. पल्ला दुप्पट झाला म्हणजे लपण्याचे क्षेत्र त्याहून कितीतरी पटींनी वाढते. दुरुस्तीनंतर तिची नेमणूक पॅसिफिक आरमारात झाली आणि ग्वाम बेटाच्या तळावरून तिच्या गस्ती सुरू झाल्या. एकूण एकेचाळीस पाणबुड्यांचा हा ताफा १९६७ साली पूर्ण झाला. जी एके काळी एकमेव होती ती आता त्यातील सर्वांत जुनी ठरली. पुढील चौदा वर्षांतील तिच्या गस्तींविषयी इतिहासकारास सांगता येण्याजोगे फारच थोडे आहे आणि ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

७. ‘निश्शो मारू’

९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात, जपानच्या सासेबो बंदराच्या नैर्ऋत्येस सुमारे ११० सागरी मैलांवर ही पाणबुडी पृष्ठभागाजवळ असताना ‘निश्शो मारू’ या जपानी मालवाहू जहाजाच्या तळावर आदळली. सुमारे २,३५० टनांचे हे जहाज कोबेहून शांघायकडे चालले होते. त्याच्या यंत्रगृहाखाली भगदाड पडले आणि सुमारे पंधरा मिनिटांत ते बुडाले. पाणबुडीच्या मनोऱ्यास किरकोळ इजा झाली. जहाजाचा कप्तान व पहिला अधिकारी असे दोघे प्राणास मुकले. उरलेले तेरा खलाशी तराफ्यांवर रात्र काढून सुमारे अठरा तासांनी जपानी नौदलाच्या युद्धनौकांच्या हाती लागले. पाणबुडीने त्यांना मदत केली नाही; ती तेथून निघून गेली. जपान सरकारला टकरीची वार्ता अमेरिकेकडून मिळाली ती सुमारे ३५ तासांनी.

अमेरिकन आरमाराच्या चौकशीत असे सांगण्यात आले, की धुके व पाऊस यांमुळे जहाज संकटात आहे हे पाणबुडीस दिसले नाही आणि वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकन विमानासही उमगले नाही. टकरीची जबाबदारी अमेरिकेने पत्करली, नुकसानभरपाई देऊ केली आणि कप्तानास पदावरून दूर करून ठपका दिला. राजदूत माइक मॅन्सफील्ड यांनी जपानी रिवाजाप्रमाणे लवून खेद प्रकट केला. परंतु पंतप्रधान झेन्को सुझुकी यांच्या नियोजित अमेरिका-भेटीच्या तोंडावर जपानात उसळलेला क्षोभ एवढ्याने शमण्याजोगा नव्हता. अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनविणार नाही व देशात येऊ देणार नाही, ही जपानची त्रिसूत्री होती. अण्वस्त्रधारी पाणबुडी जपानच्या उंबरठ्यावर वावरते, हे या अपघाताने जपानी जनतेच्या नजरेस आणले. पुढच्याच महिन्यात माजी अमेरिकन राजदूत एड्विन राइशौअर यांनी अण्वस्त्रधारी जहाजांच्या प्रवेशाविषयी उभय सरकारांत तोंडी समझोता असल्याचे उघड केले, तेव्हा त्या क्षोभात भरच पडली.

या प्रसंगी खरा प्रश्न टकरीचा नव्हता. धुक्यात जहाजे आदळतात. समुद्रावर तो अपघात अपूर्व नाही. प्रश्न टकरीनंतरच्या वर्तनाचा होता. टक्कर झाल्यावर दुसऱ्या जहाजाच्या माणसांना, स्वतःस गंभीर धोका नसेल तर, साहाय्य करावे आणि शक्य तेथे आपले नाव व बंदर त्यास कळवावे, असा दंडक १९१० च्या ब्रुसेल्स करारात ग्रथित झाला. त्या कराराने युद्धनौकांना वगळले होते, हे खरे. परंतु १९५८ च्या जिनिव्हा येथील महासागरविषयक करारात प्रत्येक राष्ट्राने आपल्या ध्वजाखालील जहाजाच्या कप्तानावर हेच कर्तव्य लादावे असे ठरले, आणि अमेरिका व जपान दोन्ही त्या करारात सामील होती. लेखी कायद्याहूनही जुना असा हा समुद्रावरील सदाचार आहे. बुडत्यास हात देताना खलाशी त्याचा ध्वज पाहत नाही.

आता हे दोन दंडक शेजारी ठेवून पाहावे. एक सांगतो : थांबा, विचारा, नाव सांगा. दुसरा सांगतो : थांबू नका, बोलू नका, ओळख देऊ नका. पाणबुडीवरील माणसांनी बुडणारी माणसे पाहून पाठ फिरविली, असे म्हणण्यास पुरावा नाही आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पेरिस्कोपमधून धुक्यात दिसलेले जहाज ठीक आहे असे मानून दूर व्हावयाचे, की खात्री होईपर्यंत तेथेच थांबावयाचे, हा निर्णय ज्या क्षणी करावयाचा होता, त्या क्षणामागे दोन दशकांची सवय उभी होती. शंकेच्या प्रसंगी अदृश्य होणे हाच या सेवेचा पहिला पाठ होता. तसेच किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांना मित्रराष्ट्रास ही वार्ता कळविण्यास दीड दिवस लागला, तेथे तर धुक्याची सबबही लागू पडत नाही.

८. अखेर

अपघातानंतर या पाणबुडीचे अस्त्रधारी आयुष्य फार उरले नव्हते. सत्तरीच्या दशकातील ‘पोसायडन’ हे अस्त्र तिच्या नळ्यांत बसणारे नव्हते. ‘ट्रायडंट’ अस्त्रांच्या नव्या प्रचंड पाणबुड्या १९८१ पासून सेवेत येऊ लागल्या होत्या. आणि १९७२ च्या शस्त्रमर्यादा-करारामुळे नव्या नळ्यांसाठी जुन्या रद्द करणे क्रमप्राप्त होते. वॉशिंग्टन संस्थानातील बँगर येथे तिची क्षेपणास्त्रे उतरविण्यात आली. त्यानंतर थोडा काळ तिने साध्या हल्लेखोर पाणबुडीचे, म्हणजे ज्या कामासाठी १९५७ मध्ये तिचा आरंभ झाला होता तेच, काम केले. ५५ गस्तींचा हिशेब पुरा करून २४ जानेवारी १९८५ रोजी ती सेवानिवृत्त झाली. प्यूजेट साउंडच्या गोदीत तिची मोडणी १९९८ साली पूर्ण झाली. तिचा मनोरा तेवढा ग्रॉटन येथील पाणबुडी संग्रहालयाच्या आवारात जतन करण्यात आला आहे. जन्मभर जी कोणास दिसू नये म्हणून झटली, तिचा तो भाग आता येणाऱ्या-जाणाऱ्यास उघड्यावर दिसतो.

९. उपसंहार

या पाणबुडीने युद्ध टाळले काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या साधनांनी देता येत नाही. जे घडले नाही त्याचे कारण सिद्ध करणे कठीण असते. तिच्या पुरस्कर्त्यांनी श्रेय घ्यावे आणि विरोधकांनी ते नाकारावे, याहून पुढे तो वाद जात नाही. परंतु दोन गोष्टी निश्चयाने सांगता येतात. पहिली ही, की ज्या शस्त्रावर अचानक झडप घालता येत नाही त्याच्या धन्यास संकटकाळी घाई करावी लागत नाही. आणि अण्वस्त्रांच्या युगात विचारास मिळालेला अवसर अल्प मोलाचा नव्हे. दुसरी ही, की हा अवसर विनामूल्य मिळाला नाही. सर्वांपासून लपण्याची विद्या केवळ शत्रूपुरती मर्यादित ठेवता येत नाही. ती मित्रापासून, वाटसरूपासून आणि बुडत्यापासूनही लपावयास लावते. ५५ गस्तींच्या नोंदीत शत्रूच्या नावे एकही मृत्यू नाही. आणि तिच्या धडकेने गेले ते दोघे ज्या राष्ट्राचे होते, त्याच्या रक्षणाची हमी तिच्याच देशाने तहाने दिलेली होती. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’च्या सेवेचे मूल्यमापन करताना या दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत.